फँटमची पूजा

पुणे, रविवार रात्र

प्रिय सुमेधा,

सप्रेम नमस्कार. आठ महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहिते आहे तीही कामासाठी, हे तू लगेच ओळखशील. म्हणून आढेवेढे घेत नाही. माझी प्रकृती ठीक, गुडघा तेवढा कुरकुरतो. आईचेही बरे आहे.

तुझा फँटम, म्हणजे यंत्राची अचूकता तपासायचा तो ठोकळा, मला नडला. रोज सकाळी पहिली बाई तपासणीला येण्यापूर्वी राळेच्या ठोकळ्यातले ते चार कृत्रिम मणके हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा यंत्राच्या टेबलावर ठेवून तू मोजायचीस आणि आकडा निळ्या वहीत उतरवायचीस, तेव्हा "सुमेधाबाईंची पूजा झाली का, प्रसाद कधी?" असे मी सगळ्यांदेखत विचारत असे. ठोकळ्याचे हाड झिजत नाही, त्यामुळे त्याचा आकडा हलला तर यंत्र हलले असे समजायचे, हे तू मला दोनदा समजावलेस आणि दोन्ही वेळा माझे लक्ष तुझ्या डब्यातल्या लोणच्यावर होते. तू गेल्यावर ती पूजा आधी सोमवारपुरती उरली आणि पुढे तपासणी अधिकारी येणार असतील त्याच दिवशी होऊ लागली. मधल्या काळात यंत्राची क्ष-किरण नळी बदलली. बदलण्याआधी दहा वेळा आणि नंतर दहा वेळा फँटम मोजून सरासऱ्या ताडून पाहायच्या असतात. आम्ही नंतरचे एकदाच मोजले, तेही इंजिनिअरला चहा देऊन होईपर्यंत.

आता मावळातल्या बायांचा दोन वर्षांचा हिशेब समोर आहे. नाचणी, ड जीवनसत्त्व आणि रोजचा व्यायाम यांनी कण्याची घनता वाढली, असा सुबक निष्कर्ष निघाला आणि सर खूश झाले. मला खटकले ते वेगळेच. "बाई, खोटे कशाला बोलू, मी एक दिवससुद्धा व्यायाम केला नाही," असे ज्यांनी हसत सांगितले होते, त्यांचीही हाडे नेमकी तेवढीच सुधारली होती! शुक्रवारी संध्याकाळी सगळे गेल्यावर मी फँटम काढून दहा वेळा मोजला. वहीत उरलेल्या जुन्या आकड्यांपेक्षा तो दोन टक्क्यांनी वर आहे. दीड टक्क्याच्या पुढे गेले की यंत्र दुरुस्त करून घ्यायचे, हा नियम तूच भिंतीवर चिकटवला होतास. तो कागद अजून तिथेच आहे, त्यावर आता कॅलेंडर लटकते.

नाचणी-व्यायाम काहीही न देता नुसता मोजायचा असा तुलनेचा गट ठेवला असता तर यंत्राची चूक दोन्हीकडे सारखी पडून वजाबाकीत निघून गेली असती. पण नुसते मोजून घ्यायला एवढ्या लांबून कोण येईल, हा माझाच युक्तिवाद होता आणि त्यावर तू जे बोललीस ते मी अजून विसरलेले नाही (माफही केलेले नाही, पण ते राहू दे).

सर म्हणतात, टक्का-दोन टक्के इकडेतिकडे चालायचेच. एका बाईपुरते ते खरेही आहे; एवढ्या फरकावरून एकीचे हाड वाढले असे कोणीच म्हणणार नाही. पण इथे सगळ्याच जणी एकाच दिशेने सरकल्या आहेत. हाडांवर संशोधन करणारा तो जपानी सातो आठवतो ना? त्याचा २००५चा शोधनिबंध २०१६मध्ये मागे घ्यावा लागला आणि एव्हेनेल, बोलंड, ग्रे या संशोधकांनी पाठपुरावा केला तेव्हा त्याच्या आकड्यांवर इतरांनी रचलेले निष्कर्षही डळमळले. त्याने आकडे बनवले होते, आम्ही फक्त आळस केला. पण आमचा आकडा उचलून पुढे हिशेब मांडणाऱ्याला हा फरक कुठून कळणार?

मनातून जात नाहीत त्या एक मावशी. त्यांचा टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडांच्या तुलनेत घनता किती कमी ते सांगणारा आकडा) उणे २.५ होता, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली अस्थिविरलतेसाठी आखलेल्या रेषेवर नेमका. या वेळी तो उणे २.४ आला. "अस्थिविरलता गेली" म्हणून त्यांनी डबाभर नाचणीचे लाडू आणले आणि मी दोन खाल्ले. गोळी बंद केली तर चालेल का, असे त्यांनी निघताना विचारले. मी "पुढच्या खेपेस पाहू" म्हणाले. आज वाटते, तेवढे एक वाक्य तरी बरे निघाले.

चिरंजीवांची बारावी कशी गेली? नव्या घराचा ताबा मिळाला असेलच, फोटो पाठव. भावजींना नमस्कार.

आता मुद्दा. नळी बदलण्याआधीच्या शेवटच्या वर्षातली पाने इथल्या वहीत नाहीत. जाताना तू तुझ्यापुरती एक प्रत काढली होतीस, आणि "कशाला ओझे नेतेस" असे मीच म्हटले होते. ती असेल तर पाने मिळताच पाठव. रोजचे आकडे हाती आले तर निदान किती वजा करायचे ते नक्की ठरेल. मंगळवारी मी सरांपुढे बसणार आहे. पाने आली तर ती घेऊन, नाही आली तर शुक्रवारचे दहा आकडे घेऊन. त्यानंतर मावशींना फोन.

तुझीच,
वैजू