नातवाच्या केसांविषयी, आई-बाबांस

वुल्व्हरहॅम्प्टन,
रविवार

ती. बाबा आणि ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर धाकट्याच्या केसांचा विषय निघाला तेव्हा मी नुसतं 'हो, हो' म्हणून वेळ मारून नेली. शेजारी सासूबाई बसल्या होत्या, आणि त्यांचा जन्म नांदेडातच गेल्यामुळे तुम्ही काय बोलता ते त्यांना शब्दन् शब्द कळतं. म्हणून हे पत्र.

आई, तुझं म्हणणं असं की लेकराला मोठं होऊ द्या, मग त्याचं तो ठरवील, तोवर डोकं हलकं ठेवा. बाबा मागून म्हणाले, धर्म काय लादायची गोष्ट आहे? तुमच्या बोलण्यात मला काळजी ऐकू आली, राग नाही. आणि आई, जावळाची सलही ऐकू आली. मामाच्या मांडीवर बसवून भाच्याचं जावळ काढायची दादाला किती हौस होती, हे मी विसरलेले नाही. पण शीख घरात मूल ज्या केसांनिशी जन्मतं त्यांना हात लावत नाहीत. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने 1945 साली मंजूर केलेल्या रहत मर्यादेत, म्हणजे शिखांच्या आचारसंहितेत, हे स्पष्ट लिहिलं आहे. तुमच्या जावयांनी लग्नाआधीच हे सांगितलं होतं, मी तेव्हाच हो म्हटलं होतं.

त्याच मर्यादेत आणखी एक गोष्ट आहे, ती मात्र लग्नाच्या वेळी मला कोणी सांगितली नव्हती. मुलांना शिखी, म्हणजे शीख धर्म, शिकवणं आई-बापांचं कर्तव्य म्हटलंय, केस राखायला सांगितलंय. पण अमृत घ्यायला, म्हणजे खालसा पंथाची दीक्षा घ्यायला, येणारा अगदी लहान वयाचा नसावा, त्याला समज आलेली असावी, असंही म्हटलंय. दीक्षा देणाऱ्या पाच जणांसमोर, पंज प्याऱ्यांसमोर, ज्याचं त्याने उभं राहायचं असतं. तिथे आई-बाप त्याच्या वतीने हो म्हणू शकत नाहीत. तुमचे जावई अजून अमृतधारी नाहीत, हे तुम्हाला माहीतच आहे. पगडी बांधतात, केस राखतात, पण 'मी अजून तयार नाही' म्हणतात, आणि चाळिशी उलटली तरी त्यांच्या आईने त्यांना एकदाही टोकलेलं नाही. एवढ्या तेवढ्यावरून टोकणाऱ्या बाईने!

बाबा, हे वाचलं तेव्हा मला तुमची माळ आठवली. आजोबांनी तुम्हाला पंढरपुरात माळ घातली तेव्हा तुम्ही शाळेतही जात नव्हता, असं तुम्हीच सांगता. तुम्हाला कोणी विचारलं होतं? तुम्ही मात्र आम्हा दोघांना माळ घातली नाहीत. पण दिवेलागणीला हरिपाठ चुकू दिला नाहीत. परीक्षा असो, पाहुणे असोत, क्रिकेटची मॅच असो, पाठ झाल्याशिवाय ताट नाही. त्याला आपल्या घरात कधी कुणी 'लादणं' म्हटलं नाही. दादाने पुढे आपणहून माळ घातली, मी घातली नाही, आणि तुम्ही एका शब्दाने विचारलं नाहीत. मला वाटतं, आम्ही इथे जे करतोय ते तुम्हीच केलेलं आहे.

तुम्ही म्हणाल, हरिपाठ चार भिंतींत होतो, केस चारचौघांत दिसतात. हे खरं आहे, आणि हाच खरा अवघड भाग आहे. नांदेडला तुमचे जावई लहानपणी पटका, म्हणजे मुलांची छोटी पगडी, बांधून गुरुद्वाऱ्याच्या गल्ल्यांतून हुंदडायचे तेव्हा 'हे काय डोक्यावर?' असं त्यांना कोणी विचारलं नाही. इथे सहाव्या वर्षी उत्तर तयार ठेवावं लागतं. मागच्या हिवाळ्यात वर्गातल्या एका पोराने धाकट्याचा पटका ओढला. बाईंनी त्याला समज दिली, त्याच्या आईचा मला फोन आला, ते तिथेच मिटलं. पण आम्ही धाकट्याला विचारलं, तुला काय वाटतं? तो म्हणाला, केशरी नको, काळा पटका हवा. त्यापलीकडे त्याची काही मागणी नव्हती. दुसऱ्या दिवशी काळा पटका आला. सहा वर्षांच्या पोराला एवढं स्वातंत्र्य पुरतं, असं माझं मत आहे. उगाच 'केस ठेवायचे की काढायचे, सांग बाळा' असं विचारून आपलं ओझं त्याच्या डोक्यावर टाकायचं नाही.

आणि 'मोकळं सोडा' म्हणताना मूल कुठे मोकळं सुटतं, तेही बघायला हवं. इंग्लंडातल्या सरकारी शाळांत रोज सामूहिक प्रार्थना व्हावी आणि ती मुख्यतः ख्रिस्ती वळणाची असावी, असा कायदाच आहे. पुष्कळ शाळा तो मनावर घेत नाहीत, आणि आई-बापांना आपलं मूल त्यातून बाहेरही काढता येतं. आम्ही काढलेलं नाही. नाताळच्या नाटकात धाकटा मेंढपाळ झाला होता, फोटो तुम्ही पाहिलाच. मला त्यात गैर काहीच वाटलं नाही. पण आम्ही गप्प बसलो तर त्याच्या कानावर काहीच पडणार नाही असं नाही. दुसऱ्यांचं पडेल, आपलं तेवढं राहील. पंधराव्या वर्षी 'आता निवड' म्हटलं तर तो कशातून निवडणार? केस तर कधीही कापता येतात, दहा मिनिटांचं काम आहे.

इथल्या म्हाताऱ्या माणसांसाठी ही गोष्ट आणखी वेगळी आहे. 1967 साली याच गावात तरसेम सिंग संधू नावाचा बसचालक आजारपणाच्या रजेवरून परतला तो दाढी राखून, पगडी बांधून. बसचालकांना दाढी-पगडीची बंदी होती, म्हणून त्याला घरी पाठवलं. त्यावर मोर्चे निघाले, दोन वर्षं तंटा चालला आणि 1969 मध्ये तो नियम मागे घ्यावा लागला. पुढे बर्मिंगहॅममधल्या एका शाळेने पगडीवाल्या मुलाला प्रवेश नाकारला. तो मंडला खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि 1983 मध्ये निकाल मुलाच्या बाजूने लागला. आज या गावात शंभरातले बारा जण शीख आहेत, बसमध्ये पगडीकडे कोणी मान वळवून बघत नाही. पण ज्यांनी नोकरीसाठी केस कापले आणि पुन्हा वाढवले, ती पिढी अजून लंगरमध्ये भाजी चिरायला बसते. त्यांच्यासमोर 'केसांचं काय एवढं' असं म्हणायची माझी हिंमत नाही. तरी मी त्यांना एक विचारते (मनातल्या मनात, कारण तोंडावर विचारलं तर वादळ होईल): संधू जेव्हा पगडी बांधून कामावर गेला तेव्हा तो जाणता माणूस होता, ते त्याने स्वतः ठरवलं होतं, म्हणूनच तर ते एवढं टिकलं ना?

आता थोरलीचं. आई, हे फक्त तुझ्यासाठी लिहिणार होते, पण बाबांनीही वाचलेलं बरं. ती बारा वर्षांची झाली. सगळे धाकट्याच्या पटक्याबद्दल बोलतात, कारण तो दिसतो. मुलीचे केस लांब असले की कोणाचं लक्ष जात नाही, वेणी घातली की झालं. पण केस राखायचे म्हणजे नुसते डोक्याचे नाहीत, अंगावरचेही. ओठांवरची लव, भुवया, पाय. पोहण्याच्या तासाला तिच्या मैत्रिणी बघतात. मागच्या महिन्यात न्हाणीघराचं दार लावून ती बराच वेळ आत बसली होती. बाहेर आल्यावर म्हणाली, मम्मी, तू थ्रेडिंग करतेस, मी का नाही?

मी करते, हे खरंच आहे. मी शीख म्हणून जन्मले नाही, हे उत्तर मी दिलं असतं तर ते तिला एका वाक्यात परकं करणारं झालं असतं. तिच्या वडिलांना विचारलं तर ते लाजेने लाल झाले आणि 'दादीला विचार' म्हणाले. सासूबाईंचं उत्तर ठरलेलं होतं: गुरूची देणगी आहे, हात लावायचा नाही. इथे मात्र मी मध्ये पडले. मुलाला त्रास झाला की सगळा गुरुद्वारा पाठीशी उभा राहतो, त्याच्यासाठी खटले लढले गेलेत. मुलीच्या वाट्याला फक्त 'नाही' येतं, तेही दबक्या आवाजात. तिने केस राखले तर त्यासाठी तिला कोणी शूर म्हणत नाही, आणि काढले तर घराण्याचं नाव निघतं. हे मला मान्य नाही. मी सासूबाईंना सांगितलं, तिला नाही म्हणायचं असेल तर आधी तिच्याशी तासभर बोला, तिला काय काय ऐकावं लागतं ते ऐकून घ्या. त्या बसल्या. बंद खोलीत दोघींचं काय बोलणं झालं कोण जाणे. थोरलीने अजून काही केलेलं नाही. उद्या करील तर मी तिला घेऊन जाईन, चोरून कुठे जायची वेळ तिच्यावर येऊ देणार नाही.

सासूबाईंची अडचणही मला कळते. त्यांची शिखी नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याची आहे. संध्याकाळची दिव्यांची आरती, नगारा, शस्त्रांचं दर्शन. इथल्या पंजाबी गुरुद्वाऱ्यात दिवे ओवाळायचे नाहीत; रहत मर्यादेला ते चालत नाही, आरती नुसती गायची. पहिल्या वर्षी त्यांना वाटायचं, आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या देवळात आलो. तेव्हा वळण लावायचं म्हटलं तरी कुठलं, हा घरातलाच प्रश्न आहे. त्यात रविवारच्या पंजाबी वर्गात मुलं गुरुमुखी खडाखडा वाचतात आणि अर्थ विचारला की माझ्या तोंडाकडे बघतात. मी विचारते तर मला सांगतात, मोठे झाले की कळेल. मला हे पटत नाही. 'असंच असतं' एवढ्या उत्तरावर मूल इथे बारा-तेराच्या पुढे टिकत नाही; मग ते केसही कापतं आणि यायचंही बंद करतं.

अर्थ कळला की काय होतं त्याचा एक नमुना सांगते. डिसेंबरात दादी मुलांना साहिबजाद्यांची, म्हणजे धर्म सोडला नाही म्हणून भिंतीत चिणलेल्या गुरू गोविंदसिंगांच्या धाकट्या मुलांची, गोष्ट सांगतात: सरहिंदचा थंडा बुरूज, नऊ वर्षांचे जोरावर सिंग, त्यांच्याहून लहान फतेह सिंग, आणि रात्रभर नातवांना धीर देणाऱ्या माता गुजरी. सांगताना त्यांचा गळा दाटतो, मुलंही रडतात. यंदा थोरलीने मध्येच विचारलं, "पण दादी, गुरू नानकांनी लहानपणी जानवं घालायला नाही म्हटलं होतं ना? मग त्यांचे पापा रागावले असतील?" दादी गप्प. मग हसल्या, म्हणाल्या, रागावले असतीलच की. पुरोहित हरदयाळ जानवं घेऊन बसलेले, पाहुणे जमलेले, आणि पोरगं म्हणतं दयेचा कापूस आणि संतोषाचं सूत असेल तर द्या! या धर्माची सुरुवातच मुळी आई-बापांचा संस्कार नाकारणाऱ्या एका मुलापासून झाली, आणि त्याच धर्मात आजीच्या सोबतीने दोन लेकरं भिंतीसमोर ताठ उभी राहिली. माझ्या मुलांना या दोन्ही गोष्टी माहीत असाव्यात, एवढाच माझा हट्ट आहे.

मुलं शीख आहेत, असंच आम्ही त्यांना सांगितलंय. अर्धं हे, अर्धं ते, असला हिशोब ठेवलेला नाही. एकादशीला मी हरिपाठ म्हणते तेव्हा ती येऊन बसतात, तो त्यांच्यासाठी आजोबांचा पाठ. नामदेवांमुळे माझं पुष्कळ सोपं झालंय. आपल्या नर्सीचे नामदेव, गुरू ग्रंथ साहिबमध्ये त्यांची 61 पदं. इथले ग्यानी (गुरुद्वाऱ्यातले जाणकार) सांगतात की त्यांतला बिठल निर्गुण, त्याचा विटेवरच्या मूर्तीशी संबंध नाही. बाबा, तुम्ही यावर वाद घालणार हे मला माहीत आहे. घाला, पण मुलांसमोर घाला, त्यांना ते ऐकू द्या.

आम्हा नवरा-बायकोतही सगळं ठरलेलं नाही. रविवारी गुरुद्वारा सध्या सक्तीचा, रात्रीचा पाठ ज्याला वाटेल त्याने करावा. केसांचं स्वतः ठरवायचं वय त्यांच्या मते अठरा, माझ्या मते सोळा. मी एकदा विचारलं, धाकट्याने कापलेच तर? बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला वाईट वाटेल आणि ते त्याला दिसेल. ते मी लपवणार नाही. पण त्याच्याशी बोलणं टाकणार नाही." मला हे उत्तर आवडलं. बापाला काहीच वाटत नाही असं दाखवलं, तर पोराला वाटेल ही गोष्ट मुळात महत्त्वाची नव्हतीच.

आम्ही डिसेंबरात येतोय, तिकिटं काढली आहेत. आई, जावळाचं धाकट्यासमोर नको काढूस, एवढं माझं ऐक. माझ्याजवळ हवं तेवढं बोल. बाबा, संध्याकाळच्या आरतीला हुजूर साहिबला दोघांना तुम्हीच घेऊन जा, सासूबाईंचीही तीच इच्छा आहे. थोरली तुम्हाला माळेबद्दल विचारणार आहे, तुम्हाला कोणी विचारलं होतं का म्हणून. तिला माझ्याकडे पाठवू नका, तुम्हाला खरं वाटतं ते सांगा. दादाला म्हणावं काळ्या मलमलीचं कापड मिळालं तर घेऊन ठेव, इथे फार महाग पडतं.

तुमची लेक