भिंत २०४२ पर्यंत थांबणार नाही : केंद्रीय सांस्कृतिक मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय सांस्कृतिक मंत्री यांस,
स. न. वि. वि.

६ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले आणि त्याच वर्षी डिसेंबरात कोलकात्यावर. लोकांना वाचवण्यासाठी मैदानांत खंदक खणले गेले, दारांपुढे विटांच्या आडभिंती उभ्या राहिल्या. आज त्यांतली एखादी भिंत पाडायची झाली तर पुरातत्त्व कायदा आड येत नाही. १९५८ च्या कायद्यानुसार वास्तू किमान १०० वर्षे जुनी हवी. म्हणजे ही भिंत २०४२ मध्ये पात्र ठरणार.

गंमत पाहा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात ऐतिहासिक मोल असलेल्या कागदपत्रांना ७५ वर्षे पुरतात. म्हणजे भिंत बांधण्याचा १९४२ चा हुकूम आज पुरावस्तू ठरू शकतो, पण त्या हुकमाने उभी राहिलेली भिंत नाही!

किल्ल्याला शंभरीची अट जाचत नाही. हवाई हल्ल्यांपासून वाचवणारे हे निवारे मात्र घाईत, काटकसरीत, युद्धापुरते बांधलेले. अभ्यासकाला हवी असते ती नेमकी हीच घाई. ब्रिटनमध्ये १९४० साली एका संदिग्ध सरकारी सूचनेमुळे रस्त्यांवरचे कित्येक निवारे सिमेंटविना, नुसत्या चुन्यात बांधले गेले आणि त्यांतले काही कोसळले. बाहेरून सगळे सारखेच दिसत. कुठला भक्कम आणि कुठला फसवा, हे विटांमधला मसाला तपासल्यावरच कळते. हुकूम आणि प्रत्यक्ष बांधकाम यांतली अशी तफावत दप्तरात सापडत नाही. शिवाय आत किती माणसे मावत, हवा कुठून येई, शौचाची सोय होती का, यावरून सामान्य माणसाच्या जिवाची सरकारदरबारी काय किंमत होती तेही उमगते.

सिंगापूरने तिओंग बाहरूच्या सरकारी चाळींखालचा १९३९ चा निवारा जपला आहे. तिथे लोकांना आत नेऊन तो दाखवला गेला आहे.

कायदादुरुस्तीला वेळ लागेल, हे मान्य. पण आपल्याच मंत्रालयाच्या राष्ट्रीय स्मारक व पुरावस्तू मोहिमेने नोंदींसाठी १९५० पूर्वीच्या वास्तू ग्राह्य धरल्या आहेत. त्या आधारे तीन गोष्टी आताच करता येतील. किनाऱ्यावरच्या शहरांतले निवारे आणि आडभिंती नोंदवून घ्याव्यात. पाडकामाची परवानगी देण्याआधी मोजमाप, छायाचित्रे आणि मसाल्याचा नमुना घेणे पालिकांना बंधनकारक करण्याबाबत राज्यांना लिहावे. आणि भोंगा वाजल्यावर त्या खंदकांत उतरलेल्या, आज नव्वदीच्या घरात असलेल्या माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात. तिन्हींत सर्वांत निकड या शेवटच्या कामाची आहे.

आपला,
इतिहासाचा एक अभ्यासक