गुरुवारची फुसफुस

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१४ डिसेंबरच्या राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिनानिमित्त आपण काढलेली पुरवणी वाचली. सौर पॅनेलचे फोटो भरपूर होते, भट्टीचा एकही नव्हता. म्हणून हे पत्र.

भोसरीच्या एका फोर्जिंग कारखान्यात, म्हणजे लाल तापवलेले पोलाद हॅमरने ठोकून सुटे भाग घडवतात तिथे, मेंटेनन्समध्ये माझी ३१ वर्षे गेली. सुट्टी गुरुवारची. हॅमर बंद असताना शेडमध्ये शिरलो की एरवी ऐकू न येणारा आवाज यायचा, कॉम्प्रेस्ड एअरच्या, म्हणजे दाबाखालच्या हवेच्या, लाइनची फुसफुस. साबणाचे पाणी आणि ब्रश घेऊन आम्ही दोघे फिरायचो. कपलिंगवर, म्हणजे पाइपच्या जोडावर, फुगे आले की खडूची खूण. सात बार दाबाच्या लाइनला ३ मिलिमीटरचे भोक असले, तर त्यापायी कॉम्प्रेसर सुमारे ३ किलोवॅट खातो. वर्षाला ८ हजार तास आणि युनिटला ८ रुपये धरा. एका भोकाचे जवळजवळ दोन लाख होतात. बुजवायला बहुतेकदा एक वॉशर पुरतो.

पण ही झाली चिल्लर. खरा पैसा जातो चिमणीतून. बिलेट, म्हणजे पोलादाचा ठोकळा, १२०० अंशांपर्यंत तापवायचा, तर भट्टीतून निघणारा धूरही तसाच रसरशीत असणार. ती उष्णता परत घेण्याची सोय नसेल, तर जाळलेल्या गॅसपैकी निम्म्याच्या आसपास नुसता वर जातो. सोय म्हणजे रिक्युपरेटर. धुराच्या वाटेत नळ्यांचा जुडगा. ब्लोअरची हवा त्यातून तापत बर्नरकडे जाते. हवा २०-२२ अंशांनी जास्त तापली की इंधन साधारण एक टक्का कमी लागते. २०० अंश चढवले तर हिशेब तुम्हीच करा.

आमच्याकडे तो होता. ऊर्जेचे ऑडिट झाले, रिक्युपरेटर बसला, हार घालून फोटो निघाला. तीन वर्षांनी दोन नळ्या जळाल्या. दुरुस्तीला भट्टी चार दिवस थंड ठेवावी लागणार होती आणि नेमके तेव्हाच डिस्पॅच अडलेले. मग हवेची लाइन रिक्युपरेटर टाळून ‘तात्पुरती’ बाजूने वळवली. मी निवृत्त झालो तेव्हाही ती तात्पुरतीच होती. कोणा एकाला दोष देत नाही, मीही त्यातच होतो. भट्टी चार तास बंद पडली की मेंटेनन्सला केबिनमध्ये बोलावणे येते. गॅस जास्त जळला तर बिल परस्पर अकाउंट्सला जाते, शॉपमध्ये कोणाला दिसतही नाही.

केंद्राने २०१२ मध्ये सुरू केलेल्या ‘पॅट’ योजनेने सिमेंट, पोलाद, खत अशा बड्या कारखान्यांना ऊर्जा कमी वापरण्याचे उद्दिष्ट नेमून दिले. भोसरी-चाकणच्या मध्यम शेडना असे बंधन नाही. तिथे साधी गोष्ट करता येईल: प्रॉडक्शनच्या फळ्यावर टनेजशेजारी ‘टनाला किती गॅस’ हा आकडा रोज खडूने लिहायचा. आकडा चढला की पाळीवरचा पोरगाच विचारेल, चिमणीत काय झाले म्हणून. आणि ‘महाऊर्जा’ या राज्याच्या ऊर्जा विकास संस्थेचे मुख्यालय पुण्यातच आहे. ऑडिटनंतर बसवलेली यंत्रे दोन-तीन वर्षांनी चालू आहेत का, हे कोणी जाऊन पाहावे. जमल्यास न कळवता.

गुरुवारी कोणाला साबणाचे पाणी घेऊन फिरायचे असेल, तर मी येईन. शिडीवर मात्र दुसऱ्याने चढावे, माझा उजवा गुडघा आता ऐकत नाही.

– एक निवृत्त मेंटेनन्स फोरमन, निगडी, पुणे