माथेरानच्या गाडीचा हंगाम बुडतो तेव्हा हजेरीपट आडवा येतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नेरळ-माथेरानच्या गाडीवर ज्यांचे पोट आहे त्यांचे वर्ष दसरा-दिवाळीला सुरू होते आणि मृग लागला की संपते. साधारण 15 जूनला नेरळ ते अमन लॉज (माथेरानच्या अलीकडचे स्टेशन) हा घाट बंद होतो, तो ऑक्टोबरच्या मध्यावर उघडतो. या आठ महिन्यांतही खरी कमाई दिवाळी, नाताळ आणि एप्रिल-मे एवढीच, आणि त्यात उन्हाळा सर्वांत मोठा. करोनाची टाळेबंदी 25 मार्च 2020 ला लागली, पुढच्या वर्षी 14 एप्रिलपासून पुन्हा कडक निर्बंध आले. लागोपाठ दोन उन्हाळे गेले. घाटातली लाइन तर 2019 च्या अतिवृष्टीपासूनच बंद होती. अमन लॉज-माथेरान शटल तेवढी धावत होती, टाळेबंदीत तीही थांबली आणि नोव्हेंबर 2020 मध्ये परत सुरू झाली. नेरळहून गाडी निघायला 22 ऑक्टोबर 2022 उजाडला.

या काळात रेल्वेच्या कायम कर्मचाऱ्यांचे पगार सुरू राहिले. प्रश्न आहे तो ठेकेदाराकडच्या रोजंदारीवाल्यांचा आणि स्टेशनवरच्या हमालांचा.

हंगामापुरते लाइनवर येणारे मजूर बहुतेक आसपासच्या ठाकूर-कातकरी वाड्यांतले. पावसाळा सरला की दरडीची माती उपसणे, गटारे मोकळी करणे, खडीत शिरलेला गाळ काढून ती चाळून परत भरणे, स्लीपरखाली (रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांखाली) खडी ठासून पॅकिंग करणे ही कामे त्यांची. खडीत माती राहिली तर पाणी निचरत नाही, स्लीपर हलू लागतो, आणि दोन फुटी लाइनच्या अवघड वळणावर गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, फाकायला तेवढे पुरते. मे 2016 मध्ये आठवडाभरात दोनदा डबे घसरले आणि गाडी बंद करावी लागली, हे आपल्या वाचकांना आठवत असेल. अशा लाइनवर कुठल्या वळणाला पाणी मुरते हे ठाऊक असलेला हात दोन वर्षे वीटभट्टीवर गेला तर तो परत येईलच असे नाही.

अशा माणसाला साथीच्या काळात बेकारी भत्ता का मिळू शकत नव्हता, याचा हिशेब मांडतो. ईएसआयसीच्या (कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या) अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत 2020 साली सवलत जाहीर झाली : सरासरी मजुरीच्या निम्मी रक्कम, जास्तीत जास्त 90 दिवस. अट अशी की दोन वर्षे विमा हवा, काम सुटण्याच्या लगेच आधीच्या अंशदान काळात (विम्याची वर्गणी मोजण्याच्या सहामाहीत) किमान 78 दिवस भरलेले हवेत, आणि त्याआधीच्या तीनपैकी एका काळातही 78. हे काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे धरले जातात. मार्च 2020 मध्ये काम सुटले तर लगेच आधीचा काळ म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर 2019. हंगामी मजुराचे काम त्यात 1 एप्रिल ते 15 जून. एप्रिलचे 30, मेचे 31, जूनचे 15, बेरीज 76. एकही रविवार न घेता, एकदाही आजारी न पडता तो राबला तरी दोन दिवस कमीच. यात त्याची चूक काय? नियम बारमाही कारखाना डोळ्यांपुढे ठेवून लिहिला गेला.

भविष्य निधीतून 75 टक्के किंवा तीन महिन्यांचे मूळ वेतन व महागाई भत्ता, यांतली जी कमी असेल ती रक्कम काढायची मुभा मार्च 2020 अखेरीस मिळाली. पण ठेकेदार बदलला की नवा यूएएन (भविष्य निधीचा खाते क्रमांक, जो खरे तर कायम एकच हवा) काढण्याची खोड जुनी आहे. पैसे तीन खात्यांत विखुरतात. आधारवर एक नाव, ठेकेदाराच्या नोंदीत दुसरे, की दावा परत येतो.

एक दार मात्र खरोखर उघडे होते आणि त्याकडे फार कमी लोक गेले. इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्याच्या (1996) व्याख्येत रेल्वेमार्गाची दुरुस्ती आणि देखभाल येत होती. मागच्या बारा महिन्यांत 90 दिवस काम केले असेल तर नोंदणी होते. हंगामी लाइन-मजुराचे दिवस त्याच्या दुपटीहून अधिक भरतात. राज्य सरकारने एप्रिल 2020 मध्ये नोंदीत बांधकाम कामगारांना 2,000 रुपये दिले, 2021 मध्ये 1,500. रक्कम तुटपुंजीच, पण तीही नोंद नाही म्हणून हुकली. नव्वद दिवसांचा दाखला ठेकेदार देत नसेल तर ग्रामसेवक किंवा नगरपालिकेचा अधिकारी देऊ शकतो. नूतनीकरण दरवर्षी करावे लागते आणि ते नेमके पावसाळ्यात राहून जाते, कारण तेव्हा माणूस वाडीवर भात लावणीत असतो.

हमालांकडे तर हजेरीपटही नाही. रेल्वे त्यांना परवाना आणि बिल्ला देते, पगार देत नाही. गाडी थांबली त्या दिवशी त्यांचे उत्पन्न शून्य, आणि काम गेल्याचा कागदही हाती नाही. असंघटित कामगारांच्या नोंदणीचे ई-श्रम पोर्टल ऑगस्ट 2021 मध्ये आले, तोवर दोन्ही लाटा येऊन गेल्या होत्या.

म्हणून काही साध्या गोष्टी मागतो. ठेकेदाराचे बिल मंजूर करताना रेल्वेने प्रत्येक मजुराचा यूएएन, ईएसआय क्रमांक आणि भरलेले दिवस तपासावेत आणि हजेरीची प्रत मजुराच्या हाती द्यावी. बांधकाम कामगार नोंदणीचे शिबिर नेरळला मे महिन्यात, काम चालू असतानाच भरवावे. हंगामी कामासाठी 78 दिवसांची अट सहा महिन्यांवर न मोजता अखंड बारा महिन्यांवर मोजावी. आणि परवानाधारक हमालांची यादी स्टेशन, नगरपालिका आणि तहसील कार्यालय या तिन्ही ठिकाणी असावी, दर ऑक्टोबरला, घाट उघडण्याआधी ताजी केलेली.

आपले,
लाइन-कामगारांच्या नोंदणीचे काम करणारे काही वाचक, नेरळ