कोल्सहिलच्या रानातली भुयारे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दुसऱ्या महायुद्धावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख इथे स्विंडनमध्ये वाचला. लेख आवडला, पण एक वाक्य खटकले. १९४० साली जर्मन फौज इंग्लंडात उतरली असती, तर काठ्या घेतलेल्या म्हाताऱ्या होमगार्डांपलीकडे तिला अडवायला कोणी नव्हते, असे लेखक म्हणतात. स्विंडनमध्ये आम्हा गोंयकारांची वस्ती मोठी. आमच्यातले काही जण सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन जवळच्या कोल्सहिल गावच्या रानात फिरायला जातात. लेखकांना उत्तर त्याच रानात आहे, जमिनीखाली.

फ्रान्स पडल्यावर त्याच उन्हाळ्यात कर्नल कॉलिन गबिन्स यांनी ‘ऑक्झिलिअरी युनिट्स’, म्हणजे ‘सहायक तुकड्या’, उभ्या केल्या. नाव मुद्दामच कोणाच्या लक्षात राहू नये असे. इतर देशांत भूमिगत लढे पराभवानंतर उभे राहिले, इथे मात्र शत्रू येण्याआधीच माणसे निवडून तयार ठेवली होती. शेतकरी, शेतमजूर, रानाचे राखणदार, चोरून शिकार करणारेसुद्धा. गावचा बांध न् बांध अंधारात ओळखणारी ही माणसे, एकूण सुमारे ३,५००. जर्मन सैन्य पुढे सरकेपर्यंत जमिनीखाली दडायचे, मग रात्री बाहेर पडून पूल, रेल्वेमार्ग आणि इंधनाचे साठे उडवायचे, हे त्यांचे काम.

प्रशिक्षण कोल्सहिलच्या हवेलीत चाले. नव्या माणसाला थेट तिथे पाठवत नसत. त्याने आधी हायवर्थच्या पोस्टात जायचे. तिथल्या पोस्टमास्तरीण मेबल स्ट्रँक्स त्याची ओळख पारखून घेत, थांबायला सांगत आणि मग न्यायला गाडी येई. लष्कराच्या एवढ्या गुप्त कामाचा उंबरठा गावातल्या एका बाईने राखला, याचे मला फार कौतुक वाटते.

हवेली १९५२ साली जळाली. रानात आता भुयाराची प्रतिकृती आहे, तिच्यात मी उतरलो आहे. कमानीसारखा वाकवलेला पन्हळी पत्रा, चिंचोळ्या खाटा, रॉकेलचा दिवा, स्फोटकांची जागा. वर पालापाचोळ्याने झाकलेली झडप, पलीकडच्या टोकाला पळून जायला बोगदा. पाच-सात माणसांनी इथे राहायचे. शिधा साधारण दोन आठवड्यांचा असे, आणि ही माणसे त्याहून फार जास्त दिवस जगतील अशी अपेक्षाही नव्हती. त्यांना ते माहीत होते. माझ्या मुलीने आत विचारले, “बाबा, यांच्या घरच्यांना ठाऊक होतं?” नव्हते. बायकोलाही सांगायची मनाई होती. धडधाकट पुरुष आघाडीवर का जात नाही, म्हणून काहींना भेकडपणाची खूण असलेले पांढरे पीस लोकांनी दिले, तेही त्यांनी मुकाट्याने घेतले.

केंटमधल्या तुकड्या उभ्या करणाऱ्यांपैकी माइक कॅल्व्हर्ट हे हिंदुस्थानात जन्मलेले. पुढे ते ब्रह्मदेशात चिंडिट्समध्ये, म्हणजे जपान्यांच्या पिछाडीला घुसून लढणाऱ्या फौजेत, लढले. त्यांचे नाव इतिहासात राहिले. गावोगावच्या बाकीच्यांना मात्र नोव्हेंबर १९४४ मध्ये तुकड्या बरखास्त झाल्या तेव्हा काय मिळाले? कोटाला लावायचा एक छोटा बिल्ला, आणि कामाच्या गुप्ततेमुळे जाहीर सन्मान करता येणार नाही असे पत्र. लंडनच्या युद्धस्मारकापुढील संचलनात त्यांना प्रथम चालता आले ते २०१३ साली. तोवर बहुतेक जण गेले होते. कित्येकांच्या मुलांना बापाने काय केले हे कधी कळलेच नाही.

अशी पाचशेच्या वर भुयारे खणली गेली. त्यातली बरीच कोसळली, बुजली. काही अजूनही सापडतात. स्कॉटलंडमध्ये मॉफॅटजवळ २०२० साली वनखात्याच्या माणसांना एक सापडले, बातमी इथे गाजली होती.

आपला अंक ब्रिटनमधली बरीच गोव्याची कुटुंबे वाचतात, म्हणून हे पत्र जरूर छापावे. त्यांना माझे सांगणे एवढेच: रानात फिरताना जमिनीत खचलेला गंजका पन्हळी पत्रा किंवा विटांची विहिरीसारखी वाट दिसली, तर आत उतरू नका आणि मुलांनाही उतरू देऊ नका, छत केव्हाही बसते. जागा नीट लक्षात ठेवा, फोटो घ्या आणि कौंटी कौन्सिलच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. जवळपास एखादे वृद्ध गृहस्थ राहत असतील तर त्यांनाही विचारा, कदाचित त्यांच्या वडिलांच्या कपाटात तो बिल्ला असेल.

आपला,
एक गोमंतकीय वाचक, स्विंडन (इंग्लंड)