हत्ती उसवू नकोस, आई

पालमपूर (हिमाचल प्रदेश),
६ जानेवारी

ती. आई व बाबा यांस,
शि. सा. न. वि. वि.

रोज फोनवर बोलतो तरी पत्र कशाला, असं बाबा म्हणतीलच. पण फोनवर आई मला बोलू कुठे देते? 'जेवलास का, गिझर चालतोय का, कानाला बांधतोस का' यातच दहा मिनिटं जातात, आणि अकराव्या मिनिटाला बाबांच्या बातम्या लागतात. शिवाय जे सांगायचंय ते तोंडाने सांगायला मला अजून थोडी लाज वाटते. म्हणून लिहितोय.

सोबतच्या पार्सलमध्ये लोकरीचा एक हत्ती आणि नऊ पिशव्या आहेत. दुकानातून आणलेल्या नाहीत, मी केल्यात. हत्ती सुयांवर विणलाय. पिशव्यांवरचं भरतकाम माझं, शिवणही माझंच, घरमालकिणीच्या मशीनवर. बाबा, चष्मा पुसून पुन्हा वाचू नका. बरोबर वाचलंत.

झालं असं, की बँकेतून बदली होऊन इथे आलो तो पहिला हिवाळा फार जड गेला. ही आणि छोटी पुण्यात, मी इथे एका खोलीत. साडेपाचला अंधार पडतो, धौलाधारच्या डोंगरांवरून वारा सुटतो, आणि जेवून झोपायच्या वेळेपर्यंत काय करायचं हा प्रश्न. खाली घरमालकीण राहतात, त्यांना सगळे माताजी म्हणतात, मीही म्हणतो. रविवारी त्या आणि आजूबाजूच्या पाचसहा जणी अंगणात विणत बसलेल्या असतात. इथे लोकरीला 'ऊन' म्हणतात आणि उन्हाला 'धूप'. शाळेत शिकलो होतो हे, पण कान शेवटी मिरजेचेच. एकदा माताजी म्हणाल्या, "ऊन खत्म हो गई, बाजार जाना पडेगा," आणि मी आभाळाकडे पाहिलं. ऊन तर लख्ख पडलं होतं! त्या दिवशी सगळ्या जणी इतक्या हसल्या की मला बसायला खुर्ची मिळाली, आणि खुर्चीबरोबर दोन सुया. टाक्याला इथे 'फंदा' म्हणतात. आई, 'नसत्या फंदात पडू नकोस' हे तुझं वाक्य त्या दिवशी मला आठवलं, पण तोवर वीस फंदे घालून झाले होते.

हात लवकर बसला. त्याचं श्रेय तुला. चौथीत असताना लोकरीची लड दोन्ही हातांवर घेऊन तुझ्यासमोर तासन् तास बसवायचीस, आठवतं? तू गुंडा करायचीस आणि मी खेळायला जायची वाट बघायचो. तेव्हा तुझ्याच बोटांकडे बघत असणार, दुसरं बघायला होतंच काय! सुलट-उलट मला कुणी शिकवावं लागलं नाही. टाके घालणं आणि बंद करणं मात्र माताजींनी तीनदा दाखवलं.

बाबा, तुमच्या मनात आलेला शब्द मला माहीत आहे. बायकी. पण इथे धौलाधारच्या वरच्या अंगाचे गद्दी मेंढपाळ मेंढ्यांमागे चालता चालता तकलीवर लोकर कातत असतात. चांगले मिशाळ, धिप्पाड पुरुष. चोळ्यावर, म्हणजे त्यांच्या त्या पायघोळ लोकरी अंगरख्यावर, कमरेला काळ्या लोकरीचा लांबच्या लांब दोर गुंडाळलेला असतो. त्यांना कुणी काही म्हणत नाही. माताजींचे यजमान फौजेत होते. हे गाव कारगिलच्या कॅप्टन विक्रम बत्रांचं, इथे घरटी एक तरी फौजी भेटतो. त्यांनी माझ्या हातात सुया पाहिल्या आणि फक्त एवढंच विचारलं, "स्वेटर या टोपी?" मी म्हटलं, हाथी. त्यावर ते आत निघून गेले.

आता हत्तीबद्दल. आई, तू स्वेटरला ९-१० नंबरच्या सुया वापरायचीस. खेळण्याला त्या चालत नाहीत, वीण सैल पडते आणि आतलं भरण टाक्यांमधून डोकावतं. १२ नंबरची सुई लागते (नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे गणित ज्याने ठरवलं त्याला एकदा भेटायचंय). त्या सुया मी तुझ्या बिस्किटांच्या डब्यातून दिवाळीत उचलल्या. न विचारता. तू नंतर फोनवर म्हणालीस, "बारा नंबरची जोडी दिसत नाही रे कुठे," आणि मी विषय बदलला. पण त्या दिवशी फोन ठेवल्यावर बराच वेळ तोच विचार करत होतो. दिसत नाही, म्हणजे तू डबा उघडला होतास.

पोट ४० टाक्यांचं आहे. पाय वेगळे विणून जोडले. सोंडेला एक सुई (म्हणजे विणीची एक ओळ) सोडून एक सुई दोन दोन टाके कमी करत गेलो आणि शेवटी आतून दोरा ओढून तिला बाक दिला. हा बाक तीनदा बिघडला. पहिल्या वेळी सोंड अशी झाली की माताजी म्हणाल्या, "ये तो चूहे की पूंछ है." भरायला तू गादीतला कापूस घ्यायचीस, पिंजाऱ्याकडून जास्तीचा पिंजून. मी पॉलिस्टरचं भरण घातलंय. तुला पटणार नाही, पण कापूस एकदा धुतला की त्याच्या गाठी होतात आणि दोन दोन दिवस आत ओल राहते. बाळाची वस्तू आठवड्याला धुवावी लागणार. हे भरण कोमट पाण्यातून काढून पिळलं की पुन्हा फुगतं.

आणि डोळे. तुझ्या हत्तींना गुंजांचे डोळे असायचे, लाल आणि त्यावर काळा ठिपका, काय देखणे दिसायचे! पण गुंज विषारी असते, आई. दात लागून बी फुटली आणि पोटात गेली तर जिवावर बेतू शकतं. आपण सगळे तुझे हत्ती चघळूनच मोठे झालो, हे खरं आहे, पण म्हणून पुढच्यांनीही नशिबावर राहावं असं नाही. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्याला मणी, बटण काहीच लावायचं नाही, कारण पहिल्यांदा तेच उपटून तोंडात जातं. मी काळ्या दोऱ्याने डोळे भरलेत. थोडा झोपाळू दिसतो. असू दे.

हत्ती समोरच्या वाड्यातल्या सुनेसाठी आहे. तिला फेब्रुवारीतले दिवस दिलेत असं तूच म्हणालीस. आपल्या गल्लीतल्या एकूण एक बाळंतविड्यात तुझं काहीतरी असायचंच. झबली-टोपडी, दुपटी बाकीच्या आणायच्या, आणि वर तुझा हत्ती. अंगठे दुखायला लागल्यापासून ते थांबलं. गेल्या वर्षी कोपऱ्यावरच्यांच्या नातवाला तू बाजारातून चावीचं माकड आणलंस आणि बाबांना म्हणालीस, "आता हातचं कुणाला हवंय." मी आत चहा करत होतो. मला ऐकू आलं. त्या माकडाचा मला अजून राग आहे.

तर माझा अर्ज असा, की गल्लीतल्या बाळांचं खातं आता माझ्या शाखेत वर्ग कर. कुणाला दिवस गेलेत, कधीची तारीख, एवढं तू कळवायचं. माल इथून येईल. एका हत्तीला मला तीन आठवडे लागतात, तेव्हा सूचना वेळेत यावी.

पिशव्यांची गोष्ट बँकेतच सुरू झाली. इथे पेन्शनच्या दिवशी बायका रांगेत उभ्या उभ्या विणतात. सुयांकडे बघतही नाहीत, नजर टोकन नंबरवर. आणि चालू विणकाम कशात, तर मिठाईच्या दुकानाच्या प्लॅस्टिक पिशवीत, कोपराला अडकवलेलं. सुई टोचून पिशवीला भोकं पडतात, गुंडा बाहेर येतो. एकदा एक लाल गुंडा काउंटरखालून थेट माझ्या खुर्चीशी आला. धागा कॅश काउंटरपासून माझ्यापर्यंत, आणि आमचा गार्ड बंदूक सावरत तो गुंडाळतोय! त्या संध्याकाळी ठरवलं, यांना धड पिशव्या शिवून द्यायच्या. मागच्या लोहडीला, म्हणजे संक्रांतीच्या आदल्या दिवशीच्या इथल्या सणाला, माताजींच्या मैत्रिणींना सहा दिल्या.

तशी सोपी वस्तू आहे. आजीची पानाची चंची आणि तुझा बटवा यांच्या मधलं काहीतरी. दहा बाय बारा इंच, खाली तीन इंचांचा बसका तळ, म्हणजे जमिनीवर ठेवली तर उभी राहते आणि गुंडा आतल्या आत फिरतो. तोंडाला दोन बाजूंनी ओढायच्या नाड्या. चेन मुद्दाम लावली नाही, चेनीच्या दातांत लोकर अडकते. आतून अस्तर, शिवणी सगळ्या लपवलेल्या, आणि अस्तर फिक्या रंगाचं, म्हणजे तळाशी गेलेली सुई दिसते. भरतकाम पिशवी शिवायच्या आधी करायचं. हे मला पहिली पिशवी शिवून झाल्यावर कळलं, जेव्हा कापड ताणून धरायची रिंग आत जाईना. दुसरीत लाल दोऱ्याचा रंग पांढऱ्या मांजरपाटावर उतरला. आता दोरा आधी भिजवून, पांढऱ्या फडक्यावर दाबून बघतो.

या वेळच्या नऊपैकी आठ तुझ्या हळदीकुंकवाला. रथसप्तमीपर्यंत वेळ आहे, पार्सल त्याआधी पोचेलच. दर वर्षी स्टीलच्या वाट्या लुटतेस, सगळ्यांच्या घरी त्या वाट्यांचे मनोरे झालेत. आठांवर एकेक हलव्याचा दाणा भरलाय, म्हणजे पांढऱ्या गाठींच्या टाक्यांचा काटेरी गोळा. साखळी टाका मला अजून एकसारखा येत नाही, गाठी मात्र बऱ्या जमतात. त्यात कुणी विणकाम ठेवो, कुणी जपमाळ, कुणी औषधं.

नववी तुझी. ती ओळखशील. दिवाळीत तुझ्या जुन्या खणांचं गाठोडं मागून नेलं तेव्हा तू संशयाने बघत होतीस, "बँकेत खण कशाला लागतात?" त्यातला हिरवा, लाल काठांचा, तुझ्या डोहाळजेवणाच्या चोळीतून उरलेला. घडीवर विरला होता, म्हणून आतून जाड कापड लावलंय. त्यावर मी काहीच भरलं नाही. खणावर आधीच इतकं विणलेलं असतं, की वर सुई घालायची हिंमत झाली नाही.

बाबा, आता तुमचं काम.

मे महिन्यात जोडून सुट्ट्या आल्या तेव्हा दिवसभर बस करून चंब्याला गेलो होतो. तिथे १९०८ सालचं भुरीसिंह संग्रहालय आहे, त्यात चंब्याचे रुमाल बघितले. रुमाल म्हणायचं, पण नाक पुसायचे नव्हेत. लग्नात, सणावारी भेटीच्या ताटावर झाकायचे. पातळ कापडावर न पिळलेल्या रेशमाने भरलेले, रासलीला, शिकार, लग्नाच्या मिरवणुका. नवल असं, की उलट बाजू नाहीच. दोन्हीकडून तेच चित्र, तितकंच सफाईदार, गाठ कुठेही नाही. आई, तू शेजारणीचं भरतकाम पाहिलंस की आधी उलटं करतेस ना, तुला तिथे बोलायला जागाच उरली नसती. पण मला जास्त भावलं ते वेगळंच. या रुमालांची रेखाटनं बऱ्याचदा लघुचित्रं काढणारे चित्रकार कोळशाने करून द्यायचे आणि बायका ती भरायच्या.

ते वाचलं आणि आपली बाहेरची खोली डोळ्यांसमोर आली. कचेरीतून आणलेला ट्रेसिंग पेपर, निळा कार्बन, आणि टेबलक्लॉथवर वाकून मोराची मान काढणारे तुम्ही. रात्री, आम्ही झोपल्यावर. मी झोपलेलो नसायचो. पाहुण्यांनी मोराचं कौतुक केलं की तुम्ही म्हणायचा, "सगळं हिचंच," आणि वर्तमानपत्र उघडायचा. धरणांचे नकाशे काढणारा आरेखक घरी मोर काढतो, हे तुम्ही जन्मभर कुणाला कळू दिलं नाहीत. मला मात्र बायकी म्हणणार होतात!

तर मला सहा चित्रं हवीत. तळहाताएवढी, एकेरी रेषेची, बारकावे कमी. इथल्या बायका म्हणतात, तुमच्या मुलखाचं काहीतरी भरून द्या, आणि मला चित्र येत नाही, हे तुम्ही माझ्या सातवीच्या वहीपासून जाणता. एक मिरजेचा तंबोरा नक्की, भोपळा मोठा दाखवा. तुळशीवृंदावन. पोळ्याचा बैल. बाकीची तीन तुमच्या मनाने. हात थरथरतो असं सांगू नका, किराणाच्या यादीतलं तुमचं अक्षर मी दिवाळीत पाहिलंय. मोबाईलवर फोटो पाठवू नका, माप बदलतं. कागदच पाठवा, घडी न घालता, गुंडाळून.

आई, अंगठ्याला शेक चालू ठेव. सुया हातात घ्यायच्या नाहीत, पण पुढच्या वेळी आलो की सोंडेचा बाक कसा काढायचीस ते तोंडाने सांग, मी करतो.

इकडे थंडी आहे पण सोसते. गिझर चालतोय. कानाला बांधतो. तिळगूळ वेगळ्या डब्यात घातलाय, तो आधी काढा.

तुमचा,
बाळ

ता. क. पार्सल सुरीने कापू नका, बाबा. वरच पिशव्या आहेत.

दुसरा ता. क. हत्तीचा डावा कान उजव्यापेक्षा दोन सुया वर बसलाय. आई, तुला तो पहिल्याच नजरेत दिसेल आणि हात कात्रीकडे जाईल. जाऊ देऊ नकोस. समोरच्या सुनेकडे तसाच पाठव.