शाळेच्या आरोग्यपत्रकात एक रकाना वाढवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुलांच्या लठ्ठपणावर आपल्या अंकात आलेला लेख वाचला. वडापाव, मोबाइल, ओस पडलेली मैदानं, सगळं खरं आहे. एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यामुळे डब्यातली पोळीभाजी जाऊन तिथे नूडल्स आलेल्या मीही पाहिल्या. पण लेखात आईबापांना जेवढं फैलावर घेतलं आहे तेवढा सगळा दोष त्यांचा नाही. आणि हृदयाचा धोका फक्त जाड मुलांना असतो, हेही खरं नाही.

माझी नात तिसरीत आहे, अंगाने भरलेली. माझ्या थोरल्या भावाचा नातू तिच्याच वर्गात, अगदी काडीपैलवान. शाळेतल्या तपासणीत तिचं वजन सगळ्या वर्गादेखत मोठ्याने वाचलं गेलं, वर "डबा जरा लहान आण" असा सल्लाही मिळाला. त्याला मात्र शाबासकी. हा भाऊ त्रेचाळिसाव्या वर्षी झोपेतच गेला. त्याच्या मुलाला एकोणचाळिसाव्या वर्षी स्टेंट घालावा लागला, तेव्हा डॉक्टरांनी घरातल्या मुलांचंही रक्त तपासायला सांगितलं. नातीचं ठीक निघालं. नातवाचं वाईट कोलेस्टेरॉल 210! या वयात ते 110 च्या आत हवं.

डॉक्टरांनी सांगितलेलं नाव लांबलचक होतं, अर्थ सोपा. रक्तातलं हे कोलेस्टेरॉल यकृत उचलून घेतं. ते उचलणारी यंत्रणाच काहींच्या जनुकात जन्मापासून अधू असते. आईवडिलांपैकी एकाला हा दोष असला तर प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी. मूल खातंपितं, धावतं, बारीक दिसतं, आणि रक्तवाहिन्यांत लहानपणापासून थर साठत जातो. वेळेत कळलं तर औषध आहे. आमच्या भावाच्या वेळी कोणी विचारलंच नाही.

नातीचीही बाजू सांगते. एफटीओ नावाच्या जनुकाचा वजनाशी संबंध आहे, हे 2007 साली कळलं. त्याचा एक विशिष्ट प्रकार आई आणि वडील दोघांकडून आलेल्या युरोपीय माणसांचं वजन, तो अजिबात नसलेल्यांपेक्षा सरासरी तीन किलो जास्त भरलं. अशा मुलांना पोट भरल्याची जाणीव कमी होते, असं पुढे दिसलं. म्हणजे "हावरट" म्हणून ज्याला आपण बोल लावतो, त्याची भूकच वेगळी असू शकते. खेळण्या-धावण्याने या जनुकाचा जोर कमी होतो, हेही संशोधकांनी दाखवलं आहे. तेव्हा मैदान हवंच, टोमणे नकोत.

आपल्याकडे तर वजनकाटा आणखीच फसवा. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. आपली बाळं सगळ्याच मापांत लहान, स्नायू कमी. चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. (हे सारं जनुकांमुळेच असं नाही; आईच्या पोषणाचाही त्यात मोठा वाटा आहे.) याज्ञिकांनी लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबतचा आपला फोटोच 2004 साली छापला होता. उंचीच्या प्रमाणात वजनाचा आकडा दोघांचाही 22.3, शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2!

म्हणून माझी मागणी छोटी आहे. शाळेच्या आरोग्यपत्रकात उंची, वजन, दात, डोळे यांचे रकाने आहेत, आणखी एक घाला: "आईवडील, आजीआजोबा, काका, मामा, आत्या, मावशी यांपैकी कोणा पुरुषाला 55 च्या आत किंवा बाईला 65 च्या आत हृदयविकार झाला होता का?" उत्तर "हो" आलं तर मूल जाड असो वा बारीक, कोलेस्टेरॉल तपासायची चिठ्ठी द्या. जनुकांच्या महागड्या चाचण्यांची इथे गरज नाही. आजीला विचारलं तरी निम्मं काम होतं, आणि आजी फुकट सांगते.

पुढच्या महिन्यात शाळेत पुन्हा तपासणी आहे. रकाना वाढायला वेळ लागेल, पण वजनं मोठ्याने वाचणं तरी तेवढ्यात थांबवता येईल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा